बुटातला चिंचोका

प्रश्न : माझं वय ५८. दांडिया बाजारात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि जोडीला आणखी एक गोळी चालू आहे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या. रात्री तळव्यांची इतकी आग व्हायची की पाय पांघरुणाबाहेर काढून गार फरशीवर टेकवून बसायचे. ओळखीच्या मेडिकलवाल्याने 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या दिल्या, त्या अजून घेते. वर्षभरात मुंग्या आणि आग जवळजवळ थांबली. मात्र मागच्या नवरात्रात पाचव्या रात्री गरब्याहून घरी आले आणि दारातल्या पायपुसण्यावर रक्ताचे डाग दिसले. पाहते तर अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटलेला. दुखलं अजिबात नव्हतं. तो भरायला तीन आठवडे लागले. मुलगी म्हणते, यंदा गरबा बंद. मी म्हणते, मुंग्या गेल्या म्हणजे पाय बरा झाला. कोणाचं खरं? (ता. क. मी शाकाहारी आहे.)
— अ. दे., बडोदे

उत्तर : निम्मं मुलीचं, निम्मं तुमचं. आधी मुलीचं सांगते, कारण ते तुम्हाला आवडणार नाही.

मुंग्या थांबल्या, आग थांबली, आणि फोड फुटला तरी कळलं नाही. तिन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात एकाखाली एक आहेत. तुम्ही पहिल्या दोन जमेला धरल्यात आणि तिसरी फोड भरल्यावर विसरून गेलात. मी त्या तिन्हींची बेरीज करते आहे.

आपल्याकडे या तक्रारीला दोन शब्द आहेत. मराठी घरात 'पायाला मुंग्या येतात' म्हणतात, आणि गुजराती शेजारात मुरलेले लोक 'पायाला खाली चढते' म्हणतात. मीही म्हणते, माझ्या माहेरची चौथी पिढी बडोद्यात आहे, भाषेत तेवढं मीठमसाला पडणारच. बोलणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच अभिप्रेत असतो. पण 'खाली' म्हणजे रिकामं, आणि दवाखान्यात मला या शब्दाचा फार उपयोग होतो. पेशंटला मी विचारते, "अजून मुंग्या येतात, की आता नुसतंच खाली?" मुंग्या, टोचणी, आग ही दुखावलेल्या पण जिवंत असलेल्या मज्जातंतूंची आरडाओरड असते. तंतू मेले की ओरडायला कोणी उरत नाही. पाय शांत होतो आणि घरात सगळ्यांना वाटतं की गुण आला.

मुंग्या कमी होणं दर वेळी वाईटच असतं असं नाही. साखर सुधारली, कारण सापडलं, योग्य औषध मिळालं तरी त्या कमी होतात. यातलं काय झालं ते तपासणीतून कळतं. तुमच्या बाबतीत ती तपासणी फोडानेच करून टाकली.

काही वर्षांपूर्वी रावपुऱ्यातले एक दुकानदार साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. पायाची तक्रार? "छे, एकदम ठणठणीत." सवयीने म्हटलं, बूट काढा. त्यांनी डावा बूट काढला आणि त्यातून एक चिंचोका माझ्या फरशीवर टणकन पडला. नात आदल्या संध्याकाळी चिंचोक्यांनी खेळत होती. हे गृहस्थ सकाळी नऊपासून त्या चिंचोक्यावर उभं राहून कापड मोजत होते. तळव्यात खळगा पडला होता, कातडी सोलली होती, मोजा चिकटला होता, आणि चेहऱ्यावर मात्र संपूर्ण समाधान. तुमच्या-माझ्या बुटात चिंचोका गेला तर आपण दुसऱ्या पावलाला थांबतो. त्यांना ते दुसरं पाऊल आठ तास आलंच नाही.

पायच आधी का? कारण तिथे जाणारे तंतू शरीरात सगळ्यांत लांब. कमरेपाशी निघालेला एकच धागा बोटाच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर जातो. सयाजीरावांनी आजवा तलाव बांधून शहराला नळाचं पाणी दिलं, पण ज्याचं घर लाइनीच्या शेवटी आहे त्याला विचारा, दाब कमी झाला की आधी कोणाचा नळ रुसतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की तंतू आतून बिघडतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्याही बिघडतात. झळ आधी टोकाला बसते. म्हणून हे दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, बोटांपासून सुरू होतं आणि मोजा वर ओढावा तसं पोटरीकडे सरकतं. गुडघ्याच्या आसपास पोचलं की हातांच्या बोटांची पाळी येते. एकाच पायात, कमरेतून कळ येत मुंग्या येत असतील तर मी आधी मणक्याकडे पाहीन. आणि अर्ध्या अंगाला अचानक बधिरपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर पत्र लिहीत बसायचं नाही, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आता एक तपासणी मुलीकडूनच करून घ्या, म्हणजे भांडण मिटेल. पलंगावर आडव्या व्हा, डोळे मिटा. मुलीने तर्जनीच्या टोकाने तुमच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांत मिळून सहा ठिकाणी, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत आणि एका बोटाला दुसरी संधी द्यायची नाही. स्पर्श कळला की तुम्ही 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी 'हो' आलं नाही, तर पायाची राखण करणारी जाणीव गेली आहे असं धरून चालायचं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही साधी पद्धत रूढ केली. तिला यंत्र लागत नाही, म्हणून माझी आवडती. दवाखान्यात आम्ही एक नायलॉनचा धागा वापरतो, तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. आणि सेकंदाला १२८ कंपनं करणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर टेकवून विचारतो, थरथर कळते का. माझा चिमटा पर्समध्येच असतो. लग्नकार्यातसुद्धा कोणी ना कोणी कोपऱ्यात बोलावून पाय पुढे करतंच.

आता त्या ताकदीच्या गोळ्या. मेडिकलवाल्यावर माझा राग नाही, त्याच्याकडे तुम्ही गोळी मागायला गेलात, त्याने दिली. पण तुम्ही बारा वर्षं मेटफॉर्मिन घेता आणि पत्राच्या शेवटी शाकाहारी असल्याचंही लिहिलंय. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांच्या आतड्यात बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि शाकाहारात ते दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. बी-१२ कमी पडलं तरी अश्शाच मुंग्या येतात, असाच बधिरपणा येतो. दोन्ही कारणं एकाच पायात एकत्र नांदू शकतात. मधुमेहामुळे गेलेली जाणीव परत आणणारं औषध आज माझ्याकडे नाही. बी-१२ची कमतरता मात्र वेळेत सापडली तर भरून काढता येते. म्हणून प्रत्येक मधुमेही पायाच्या बाबतीत मला हे कारण आधी शोधावंसं वाटतं. रक्तात बी-१२ तपासा. गोळ्या आधीपासून चालू आहेत हे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यांच्यामुळे आकडा वरचा दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. मेटफॉर्मिन आपल्या मनाने थांबवू नका. जोडीला थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही होऊ द्या.

घरी गेल्यावर त्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचा. अशा मिश्रणांत बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, असतं. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मज्जातंतू खराब होतात आणि मुंग्या येतात. तीन वर्षं कोणी न विचारता चालू असलेली गोळी, मग ती जीवनसत्त्वाची का असेना, मला खटकते.

रात्रीच्या आगीसाठी औषधं आहेत : प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करतात आणि गुंगी, तोल, लघवीची अडचण, हृदयाचं दुखणं पाहून त्यातलं एक निवडतात. झोप लागते, चादरीचा स्पर्श सहन होतो. पण ती दुखणं कमी करतात, बधिरपणा नाही. आग थांबली म्हणजे राखण परत आली असं त्यांच्या बाबतीतही समजायचं नाही.

मग राखण करायची कोणी? डोळ्यांनी. पाय सांगत नाही ते रोज पाहायचं. मला स्वतःला अकरा वर्षं मधुमेह आहे. आंघोळीनंतर पाटावर बसून मी फरशीवर हातआरसा ठेवते आणि त्यात तळवे पाहते. दिवसात दोन मिनिटं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. टाचांना खोबरेल लावते, बेचक्यांत लावत नाही. ओल राहिली की तिथे बुरशी धरते. नखं सरळ कापते. भोवरी ब्लेडने तासत नाही आणि तिच्यावर बाजारातली औषधी पट्टीही चिकटवत नाही, तिच्यातलं आम्ल चांगल्या कातडीलाही खातं. बूट घालण्याआधी उपडा करून झटकते. चिंचोका पाहिल्यापासून घरात नवऱ्याचेही झटकते, त्याला मधुमेह नाही तरी.

पाण्याचं मात्र मी फार उशिरा शिकले. आईच्या शेवटच्या वर्षांत, जानेवारीच्या थंडीत, रात्री तिच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी मीच ठेवली. तिला मधुमेह होता, पाय बधिर होते, आणि मी डॉक्टर होते. सकाळी कामाला येणाऱ्या बाईंनी हाक मारली : "ताई, आजींच्या टाचेला पाहा." लिंबाएवढा फोड. आईला रात्रभर "छान ऊब" वाटत होती. दीड महिना ड्रेसिंग चाललं. तेव्हापासून आमच्या घरी पिशवी नाही, पायमोजे आहेत. आणि पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्यायचा.

पायपुसण्यावरच्या रक्ताकडे परत येते. अंगठ्याखाली फोड फुटून तीन आठवडे भरला नाही, म्हणजे आमच्या हिशेबात ती पायाची जखम झाली. एकदा अशी जखम झालेल्या पायाला पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो. वर्षातून एकदा पाय दाखवणं इतरांसाठी ठीक; तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी दाखवा, आणि पावलावरच्या नाड्या लागतात का तेही पाहू द्या. पुन्हा जखम दिसली, लाली, ऊब, स्राव, वास किंवा काळपटपणा दिसला, तर त्याच दिवशी जा, हळद दाबून वाट पाहू नका. आणि जखम नसतानाही एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेलं लागलं, दुखत नसलं तरी, त्यावर भार टाकू नका. बधिर पायातली हाडं न कळत मोडत, सरकत असतात, आणि माणूस तसाच चालत राहिला तर पावलाची कमान बसून जाते.

आता तुमचं निम्मं. नाचणं बंद करू नका. तुम्हाला चालण्या-फिरण्याची गरज आहे, आणि बडोद्यात नऊ रात्री घरात बसणं ही शिक्षा मी कोणाला देणार नाही. बंद करायचं आहे ते अनवाणी नाचणं. आपल्याकडे मोठ्या मैदानात हजारो पावलं अनवाणी फिरतात. खाली मातीत खडा असतो, तुटलेल्या घागऱ्याचा आरसा असतो, कोणाच्या तरी जोडव्याचा तुकडा असतो. मध्ये गरबी मांडलेली, दिवा तेवतोय, त्याच्याभोवती बूट घालून फिरायचं मनाला पटत नाही, हे मलाही कळतं. तसं वाटत असेल तर मोठ्या मैदानात जाऊ नका. सोसायटीच्या शेरीगरब्यात जा, तिथे बाहेरच्या फेरीत बुटांना कोणी हरकत घेत नाही. पुढे रुंद असलेले, बंद, वापरून रुळलेले बूट घाला. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि नवरात्राच्या महिनाभर आधी घ्या. आत पांढरे सुती मोजे, म्हणजे रक्त आलं तर पायपुसण्याआधी मोज्यावर दिसेल. दर अर्ध्या तासाला बाहेर येऊन मोजा काढायचा, मुलीने टॉर्च मारायचा. कुठे लाल दिसलं की त्या रात्रीपुरतं गाणाऱ्यांच्या शेजारी बसून टाळ्या. हे मुलीने मान्य केलं नाही तर हा अंक तिच्यापुढे ठेवा.

जाता जाता, मे महिन्यातल्या देवळाच्या संगमरवराबद्दलही हेच. दुपारी अनवाणी प्रदक्षिणा नको, मोजे चालतात. पावागड अनवाणी चढण्याचा नवस बोलला असाल, तर रोपवेने फेडा.

प्रश्न : वय ५२. साखर फारच वाढली होती, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ११.८. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, मीही गोड, भात, शेव-उसळ सगळं सोडलं. तीन महिन्यांत ७.१ झालं. सगळे शाबासकी देतात, पण तेव्हापासून पायांची आग दसपट वाढली आहे, चड्डीचा काठसुद्धा मांडीला सहन होत नाही. पूर्वी असं नव्हतं. इन्सुलिन बाधलं का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : इन्सुलिन बाधलं नाही, घाई बाधली असण्याची शक्यता मोठी आहे. वर्षानुवर्षं चढी असलेली साखर तीन महिन्यांत दोनपेक्षा जास्त अंकांनी खाली आणली, तर काही जणांच्या बारीक मज्जातंतूंना तो बदल झेपत नाही आणि अशी तीव्र आग सुरू होते. इन्सुलिनने, गोळ्यांनी किंवा नुसत्या कडक पथ्यानेही हे होऊ शकतं. तुमचा आकडा जवळजवळ पाचाने उतरला आहे.

इन्सुलिन फेकून देऊ नका, हे सगळ्यांत महत्त्वाचं. साखर पुन्हा वर नेऊन आग विझत नाही. डॉक्टरांना हेच आकडे दाखवा. आगीसाठी वर लिहिलेल्यांपैकी औषध लागेल, कदाचित काही महिने. बहुतेकांची आग महिन्यांच्या हिशेबात ओसरते, दिवसांच्या नाही. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, लांबवू नका. साखर अशी झपाट्याने उतरते तेव्हा पडद्यावरचा जुना बिघाडही काही काळ भडकू शकतो.

आणि मेहनत वाया गेली असं वाटू देऊ नका. टाइप १ मधुमेहींवरचा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यात साखर कसोशीने सांभाळणाऱ्यांत मज्जातंतूंचा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. टाइप २ मध्ये फायदा इतका ठळक दिसत नाही, कारण तिथे रक्तदाब, चरबी, वजन आणि तंबाखूही आपापला वाटा उचलतात. तुम्ही गुटख्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

प्रश्न : वय ४६, मधुमेह पाच वर्षं. घरगुती पोळ्या आणि भाकरवडीच्या ऑर्डर घेते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, करंगळी ठीक आहे. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. पायांना काही नाही. शेजारीण म्हणाली साखर वाढली असेल, म्हणून महिन्यापासून ग्लिमेपिराइड दुप्पट घेते. आता रात्री घाम येऊन, छातीत धडधडून दचकूनही जाग येते.
— मांजलपूर

उत्तर : पाय ठीक, एकच हात, करंगळी सोडून बाकीची बोटं, आणि झटकल्यावर आराम : हे मनगटात दबलेल्या नसेचं वर्णन आहे. मधुमेहात ते जास्त आढळतं, आणि दिवसाला शंभर पोळ्या लाटणाऱ्या मनगटात तर मला नवल वाटत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा, लाटण्याचं काम मध्ये मध्ये दुसऱ्या कोणाकडे द्या. महिन्या-दीड महिन्यात फरक पडला नाही तर नसेची विद्युत तपासणी. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला दिसला किंवा हातातून वाटी निसटू लागली, तर तेवढंही थांबू नका.

आणि ग्लिमेपिराइड आजपासून पूर्वीइतकीच. घाम आणि धडधड हाताची नाही, रात्री साखर खाली जात असल्याची लक्षणं आहेत. तशी जाग आली तर त्याच वेळी साखर मोजा. यंत्र नसेल तर वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.